चौदा लाल खुणा

संशय घेण्याबद्दल भालचंद्र वझलवारांना सरकार पगार देत असे. भोपाळच्या त्या अवाढव्य कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ते एकतीस वर्षं चेकर होते. ड्राफ्ट्समनने काढलेलं प्रत्येक ड्रॉइंग आधी त्यांच्या टेबलावर यायचं. मुळाला हात न लावता ते त्याची अमोनिया प्रिंट, म्हणजे कागदी प्रत, काढून घ्यायचे आणि दोन पेन्सिली घेऊन बसायचे. बरोबर असलेल्या मापावर पिवळी फिरायची, चुकलेल्यावर लाल. सगळं पिवळं झालं की मगच मूळ ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, ‘चेक्ड’ लिहिलेल्या चौकटीत, त्यांची सही पडायची. त्या सहीशिवाय एकही कागद खाली मशीनवर जात नसे.

आता एकतीस वर्षं रोज आठ तास दुसऱ्याच्या चुका हुडकणारा माणूस संध्याकाळी क्वार्टरवर येऊन एकदम भोळाभाबडा कसा होणार? लग्नपत्रिका आली तरी ते आधी तिथी आणि वार जुळतात का ते पंचांगात बघत. दोनदा जुळले नव्हते, आणि दोन्ही वेळा त्यांनी त्या घरी जाऊन तसं सांगितलं होतं. एका घराने तेव्हापासून बोलणं टाकलं. सुशीलाबाई म्हणत, ‘यांच्यासमोर देव जरी उभा राहिला ना, तरी हे आधी त्याचा गेटपास मागतील.’ भालचंद्ररावांना यात काही विनोद दिसत नसे.

अशा माणसाच्या पोटी अलका जन्मली होती. पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, गोविंदपुऱ्यातल्या एका लहान वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढायची नोकरी लागली, वय सव्वीस झालं, आणि नागपूरहून आलेली तीन स्थळं तिने एकामागून एक नाकारली. चौऱ्याण्णव सालच्या जूनमध्ये तिच्या नावाने इंग्लंडहून एक जाड लिफाफा आला. पोस्टाने बोटी आणि शिडाच्या नौका डिझाइन करायला शिकवणारी तिथली एक संस्था होती. वीस धडे, प्रत्येक धड्याला ड्रॉइंग, शेवटी एका पूर्ण नौकेचा आराखडा आणि मग डिप्लोमा. कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल तुकडीत अलका बड्या तालाबात वल्ही मारायला शिकली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात बोट शिरली होती ती निघाली नव्हती, एवढंच खरं कारण.

भालचंद्ररावांना मात्र कारण इतकं साधं असेल हे पटेना. समुद्र इथून कुठे, आणि पोरगी भोपाळात बसून पोस्टाने बोटी शिकणार. त्यांनी पहिला संशय संस्थेवर घेतला. ‘नरहर’ या खोट्या नावाने, ऑफिसच्या पत्त्यावरून, त्यांनी संस्थेला पत्र लिहून मुद्दाम एक चुकीचा प्रश्न विचारला. उत्तर आलं. प्रश्नच चुकीचा आहे असं नम्रपणे सांगून खाली बरोबर प्रश्न लिहिला होता. ते उत्तर वाचून त्यांना संस्थेबद्दल पहिल्यांदा थोडा आदर वाटला, पण घरी त्यांनी त्यातलं काही सांगितलं नाही.

दुसरा संशय शिकवणाऱ्या मास्तरांवर होता. दर धड्याबरोबर अलकाचं ड्रॉइंग परत यायचं आणि त्यावर जागोजागी पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला असायचा, ‘का?’ चुकलं तर चुकलं लिहावं, बरोबर असेल तर बरोबर. एका लग्नाच्या मुलीला परका पुरुष दर महिन्याला सात समुद्रापलीकडून ‘का’ म्हणून विचारतो, हे काय प्रकरण आहे? अलका तीन-तीन पानं उत्तर लिहायची. ती कामावर गेली की ते ती पानं काढून वाचायचे, आणि त्यांत फक्त शिडाचं क्षेत्रफळ आणि तळाचं वजन असायचं. एवढ्याने त्यांचं समाधान व्हायला हवं होतं. उलट ते आणखी अस्वस्थ झाले, कारण ज्या कागदात काहीच सापडत नाही तो कागद नीट तपासला गेलेला नसतो, असा त्यांचा अनुभव होता.

तिसरा संशय ड्रॉइंगवरच आला. जेवणाच्या टेबलावर अलका लाकडाची एक लांब लवचीक पट्टी वाकवायची, ती हलू नये म्हणून तिच्यावर छोट्या कापडी पिशव्या ठेवायची, आणि पट्टीच्या कडेने एक लांबच लांब वक्ररेषा ओढायची. पिशव्यांत लोखंडाचा चुरा भरलेला होता. तो पाहून भालचंद्ररावांचं धाबं दणाणलं. वझलवारांच्या घरात कारखान्यातला लोखंडाचा चुरा सापडला, ही बातमी कॉलनीत पसरायला दुपारही लागली नसती. अलकाने अशोका गार्डनच्या लेथवाल्याचं नाव सांगितलं, तरी दुसऱ्या रविवारी ते स्वतः तिथे जाऊन त्याला विचारून आले.

पण खरा घोळ त्या रेषांचा होता.

‘या वळणाची त्रिज्या किती?’ त्यांनी विचारलं.

‘त्रिज्या नाहीये, बाबा.’

‘त्रिज्या नाही म्हणजे?’

‘पट्टी जशी वाकते तशी रेषा. मग डोळ्याने बघायचं. कुठे खड्डा नाही, कुठे फुगवटा नाही, म्हणजे झालं.’

भालचंद्ररावांच्या जगात प्रत्येक वळणाला एक मध्य होता आणि एक त्रिज्या होती. डोळ्याने बघायचं म्हणजे अंदाजपंचे, आणि अंदाजपंचे काम करणारे किती ड्राफ्ट्समन त्यांनी रडकुंडीला आणले होते याची गणती नव्हती. आपल्या मुलीला कोणीतरी पद्धतशीर बिघडवतंय, अशी त्यांची खात्रीच झाली.

दीड वर्ष हे असंच चाललं. अलकाने एकोणीस धडे पुरे केले. मधल्या काळात तिने गोव्यातल्या एका बोटी बांधणाऱ्या यार्डाला पत्र टाकलं होतं. मालकाने तिची ड्रॉइंग मागवून घेतली, आणि कळवलं की एक जुलैपर्यंत डिप्लोमा दाखवा, जागा तुमची. डिझाइनचा कोर्स केलेला माणूसच त्यांना हवा होता. बिनडिप्लोमाचे त्यांच्याकडे आधीच चार जण अर्ज करून बसले होते. म्हणजे आता त्या कागदावर तिचं सगळं अवलंबून होतं. गोव्याला जायचं, नाहीतर गोविंदपुऱ्यात पंपाच्या झाकणांची ड्रॉइंग काढत बसायचं आणि वडील रिटायर झाले की त्यांच्यामागून नागपूरला जाऊन चौथं स्थळ बघायचं.

भालचंद्ररावांना तिने जाऊ नये असं वाटत होतं. ते बोलून दाखवत नव्हते, पण गोवा हा शब्द निघाला की ते उठून बाल्कनीत जात.

शेवटचं काम म्हणजे बावीस फुटी शिडाच्या नौकेचे आठ शीट. फेब्रुवारीत अलकाने ते पुरे केले. सोबत एक प्रतिज्ञापत्र होतं, की हे सगळं काम माझं एकटीचं आहे, आणि तिने त्यावर सही केली. पण संस्थेने दिलेली मुदत संपायला दहा दिवस राहिले असताना तिला मावसबहिणीच्या लग्नाला नागपूरला जावं लागलं. आल्यावर एकदा नजर फिरवते आणि मग पोस्टात टाकू, असं सांगून ती गेली. सुशीलाबाईही तिच्याबरोबर गेल्या.

घरात भालचंद्रराव आणि आठ शीट, दोघेच उरले. त्यांना कसं राहवणार? दुसऱ्याच दिवशी ते इंद्रपुरीच्या प्रिंटवाल्याकडे गेले, आठही शीटच्या प्रिंटा काढून आणल्या, ऑफिसात तीन दिवसांची रजा टाकली आणि लाल-पिवळ्या पेन्सिलींना टोक केलं.

ते तीन दिवस त्यांनी जेवढं काम केलं तेवढं कारखान्यातल्या टर्बाइनसाठीही केलं नसेल. नौकेच्या आकाराच्या मुख्य ड्रॉइंगवर मापंच लिहिलेली नव्हती. सगळी मापं दुसऱ्या शीटवर एका मोठ्या तक्त्यात होती, आणि तीही फूट, इंच आणि इंचाचे आठवे भाग अशी जुन्या वळणाची. ड्रॉइंगवर पट्टी ठेवून माप घ्यायचं नाही, हा नियम त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवला होता. तो मोडून त्यांनी एकशे ऐंशी मापं पट्टीने मोजली आणि तक्त्याशी ताडून पाहिली. प्रिंटचा कागद थोडा ताणला जातो, त्याचाही हिशोब धरला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रिंटांवर चौदा लाल खुणा होत्या. एकटे असूनही ते पोटभर जेवले.

अलका परत आली, आणि बॅग खाली ठेवण्याआधीच तिला लाल झालेल्या प्रिंटा दिसल्या. तिने आधी मूळ शीट उघडून बघितले. त्यांवर एकही खूण नव्हती.

‘मुळाला हात लावला नाही,’ भालचंद्रराव म्हणाले. ‘तेवढं कळतं मला.’

मग बाप आणि मुलगी टेबलापाशी बसले. पहिल्या नऊ लाल खुणा नऊ वळणांवर होत्या आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न, त्रिज्या किती. अलकाने एकदाच सांगितलं, बोटीला त्रिज्या नसते. दहावी खूण नौकेच्या आडव्या छेदांवर होती. डावी बाजू एका आकाराची, उजवी दुसऱ्याच, म्हणजे बोट वाकडी. तिने शांतपणे सांगितलं की बोटीच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात, म्हणून एकीकडे पुढच्या अर्ध्या भागाचे छेद काढतात आणि दुसरीकडे मागच्याचे, सगळे दोनदा काढायचे कशाला. अकरावी, बारावी, तेरावी असाच प्रकार. एकेका खुणेबरोबर भालचंद्ररावांचा आवाज खाली येत गेला. सुशीलाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना नवऱ्याची दया आली.

चौदावी खूण तक्त्यात होती. सहाव्या छेदाच्या रुंदीला दोन फूट तीन इंच आणि सात आठवे भाग असं लिहिलं होतं. ड्रॉइंगवर मोजलं तर दोन फूट सात इंच आणि तीन आठवे भाग भरत होते.

अलकाने पट्टी घेतली. मोजलं. पुन्हा मोजलं. आकडे उलटसुलट लिहिले गेले होते. बोट बांधणारा सुतार ड्रॉइंग बघत नाही, तो या तक्त्यावरून साचे कापतो. या आकड्याने नौकेच्या कुशीत साडेतीन इंचांचा खड्डा पडला असता.

तिने ब्लेडने तो आकडा खरवडला, वर बरोबर आकडा शाईने लिहिला, आणि म्हणाली, ‘थँक्यू, बाबा.’ दुसऱ्या दिवशी पार्सल मी टाकतो म्हणून भालचंद्ररावांनी आपणहून सांगितलं, आणि तीही बिनघोर कामावर गेली.

तिथे ती चूक झाली, जी दुसऱ्या कोणा माणसाच्या हातून होणंच शक्य नव्हतं. शीट गुंडाळताना त्यांची नजर खालच्या कोपऱ्यात गेली. अलकाने ऑफिसच्या सवयीने तिथे चौकटी आखल्या होत्या. ‘ड्रॉन’, म्हणजे कोणी काढलं, यापुढे तिची आद्याक्षरं होती. ‘चेक्ड’ रिकामी होती. रिकामी चौकट घेऊन एकही ड्रॉइंग त्यांच्या टेबलावरून कधी गेलं नव्हतं. आणि हे त्यांनी तपासलं तर होतंच, तीन दिवस मान मोडून. त्यांनी पेन उघडलं, आठही शीटवर सही केली, तारीख घातली आणि पोस्टात जाऊन रजिस्टर करून आले. यात सांगण्यासारखं काही आहे हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

एप्रिलच्या शेवटी संस्थेचं पत्र आलं. काम उत्तम आहे, परंतु आठही शीटवर दुसऱ्या एका व्यक्तीची तपासणीची सही आहे, आणि तक्त्यात एक आकडा खोडून बदललेला दिसतो. विद्यार्थिनीने काम एकटीचं असल्याचं लिहून दिलं आहे. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. तीस दिवसांत विद्यार्थिनी आणि ती व्यक्ती, दोघांनी सही करून लेखी खुलासा करावा. तोवर डिप्लोमा थांबवण्यात येत आहे.

अलकाने पत्र दोनदा वाचलं. मग वडिलांकडे बघितलं.

‘तुम्ही सही केली?’

‘केली. तपासलं म्हणून केली. बिना सहीचं कसं पाठवणार?’

‘ते कारखान्याचं ड्रॉइंग नव्हतं, बाबा. ती परीक्षा होती.’ तिचा आवाज चढला नाही, पण चढला असता तर बरं झालं असतं. ‘खरं सांगा. मी गोव्याला जाऊ नये म्हणून केलंत ना?’

‘अलका!’ सुशीलाबाई म्हणाल्या. ‘काय बोलून राहिली तू?’

एकतीस वर्षं ज्या नजरेने भालचंद्ररावांनी दुसऱ्यांकडे पाहिलं, ती नजर आता त्यांच्या मुलीच्या डोळ्यांत होती आणि त्यांच्याकडे रोखली होती. ती इतकी वाईट असते हे त्यांना माहीत नव्हतं. दोन दिवस ते स्वतःलाच तपासत राहिले. सही करताना मनात गोवा होता का? नव्हता, असं त्यांना वाटत होतं. पण नक्की सांगता येईना. ती जाऊ नये असं वाटत होतं हे तर खरंच होतं. अलका त्यांच्याशी कामापुरतं बोलत होती, चहा ठेवला आहे, दूधवाला येऊन गेला, एवढंच.

तिसऱ्या दिवशी ते खुलासा लिहायला बसले. त्यांचं इंग्रजी ऑफिसच्या मेमोचं होतं, पण स्वच्छ होतं. त्यांनी लिहिलं, की मी कारखान्यातला चेकर आहे. आमच्याकडे तपासणाऱ्याच्या सहीशिवाय ड्रॉइंग बाहेर जात नाही, त्या सवयीने मी सही केली आणि मुलीला ते ठाऊक नव्हतं. या ड्रॉइंगवर मी तेरा आक्षेप काढले. ते तेराही चुकीचे होते. मला बोटीतलं काही कळत नाही, माझ्या मुलीला कळतं. प्रत्येक आक्षेप का चुकीचा होता हे तिने मला समजावून सांगितलं, आणि ते मी खाली देत आहे. मग एकापासून तेरापर्यंत, आपलं अज्ञान त्यांनी नंबर घालून लिहून काढलं. पुरावा म्हणून लाल झालेल्या सात प्रिंटा जोडल्या. तक्त्याची प्रिंट मात्र वेगळी काढून ठेवली. आकडा खोडण्याबद्दल लिहिलं, की विद्यार्थिनीने शेवटची नजर फिरवताना दुरुस्ती केली.

एकतीस वर्षांत त्यांनी चुकीच्या मापावर पिवळी पेन्सिल कधी फिरवली नव्हती. आज ते स्वतःच फिरवत होते, मुलीसाठी. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. तिने आपल्यावर घेतलेला संशय त्यांना झोंबला होता. आता कागद तिच्यापुढे जाईल, चौदावी खूण गायब आहे हे तिला दिसेल आणि ती गप्प बसेल, मग खोटेपणात दोघांची बरोबरी होईल, असंही मनाच्या एका कोपऱ्यात होतं. स्वभावाला औषध नसतं म्हणतात ते याच्याबद्दलच.

रविवारी सकाळी त्यांनी मसुदा अलकासमोर ठेवला. तिने तो खिडकीपाशी उभं राहून वाचला. तेरावा मुद्दा संपल्यावर तिने पान उलटून पाठीमागे बघितलं.

‘चौदावी कुठाय?’

‘ती लिहिली तर तुला मदत झाली असं होईल,’ भालचंद्रराव म्हणाले. ‘डिप्लोमा जाईल. गोवा जाईल.’

‘पण ती चूक होती ना, बाबा. आणि तुम्हीच पकडली.’

‘होती.’

‘मग? तुमचं जे चुकलं ते तेवढं तुम्ही लिहिलंत, आणि जे एक बरोबर होतं ते काढून टाकलंत.’ तिने मसुदा टेबलावर ठेवला. ‘मी उद्या गोव्यात जाऊन बसेन, आणि कोणी मला विचारलं, हा आकडा तूच पकडलास का, तर मी काय सांगू? हो म्हणू?’

भालचंद्रराव खाली बघत होते. मुलगी गप्प बसेल याची त्यांनी वाट पाहिली होती, ही गोष्ट त्या क्षणी कोणालाच माहीत नव्हती, आणि म्हणूनच त्यांना तिथे बसवेना.

अलकाने टाइपरायटर काढला. तासाभराने ती खुलासा नव्याने टाइप करून घेऊन आली. चौदावा मुद्दा तिने कसा लिहिला होता, स्वतःवर दोष किती घेतला होता, वडिलांचं नाव कसं घातलं होतं, हे सगळं त्या दोन पानांत होतं. तक्त्याची आठवी प्रिंटही वर ठेवलेली होती. खाली तिची सही झाली होती आणि शेजारी त्यांच्या सहीला जागा सोडली होती. संस्था यावर काय म्हणेल, जुलैच्या आत उत्तर तरी येईल की नाही, कोणालाच सांगता आलं नसतं.

भालचंद्ररावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, पेन उघडलं आणि मोकळ्या जागेत सही केली.

‘अहो, वाचा तरी,’ सुशीलाबाई म्हणाल्या.

‘हिने वाचलंय ना,’ ते म्हणाले, आणि कागद अलकाच्या हातात दिला.